गायरानात झाडं लावायची की माळ मोकळा करायचा?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. सोलापूर-नगर पट्ट्यातलं गाव. गावाला शंभरेक एकर गायरान आणि त्याला लागून वनखात्याचं तेवढंच क्षेत्र. खात्याच्या बाजूला गिरिपुष्पाची (ग्लिरिसिडियाची) जुनी लागवड आहे, गायरानात वेडी बाभूळ माजली आहे. म्हातारी माणसं सांगतात की इथे पूर्वी कमरेएवढं गवत असायचं आणि काळविटांचे कळप दिसायचे. ग्रामसभेत अर्ध्या लोकांना ‘घनवन’, म्हणजे दाटीवाटीने झाडं लावून केलेलं जंगल, हवंय, तुम्हाला गवत परत आणायचंय. सुरुवात कुठून करायची, किती वर्षं लागतील आणि पैसा कुठून उभा करायचा, हे तुम्ही विचारलंत.

मी वीस-बावीस वर्षं हेच काम करतोय आणि त्यातली पहिली पाच-सहा वर्षं चुका करण्यात गेली. त्यामुळे उत्तर लांबेल. घाईत असाल तर एवढंच घ्या: माळ लावायचा नसतो, मोकळा करायचा असतो. मग तो मोकळा राहावा म्हणून गावात व्यवस्था बसवायची असते. यातला दुसरा भाग जास्त अवघड आहे आणि बहुतेक प्रकल्प तिथेच बसतात.

तो खरंच माळ होता का, हे सगळ्यांत आधी तपासा. ग्रामसभेत कोणीतरी हमखास म्हणणार, “पूर्वी इथे घनदाट जंगल होतं, इंग्रजांनी तोडलं.” घाटमाथ्यावर ही गोष्ट काही ठिकाणी खरी आहे. पर्जन्यछायेच्या पट्ट्यात, जिथे वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस आणि वीतभर मातीखाली मुरूम, तिथे ती बहुधा खरी नसते. आशीष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी २०२५ साली प्रसिद्ध केलेलं काम यासाठी फार उपयोगाचं आहे. त्यांनी पश्चिम महाराष्ट्राच्या कोरड्या भागातलं जुनं मराठी साहित्य, चरित्रं आणि ओव्या धुंडाळून त्यांत येणाऱ्या झाडाझुडपांचे उल्लेख जमवले. तेराव्या शतकापासूनच्या या साडेसातशे वर्षांत तिथे दिसतो तो गवत आणि विखुरलेल्या काटेरी झाडांचा मुलूख, दाट अरण्य नाही. धनगरांचा खंडोबा-बिरोबा त्या मुलखातला देव आहे, हे आपल्याला आधीपासून माहीत होतं. आता ते कागदावरही आलं.

जागेवर बघायच्या खुणा सोप्या आहेत. जुनी झाडं कोणती उरली आहेत ते पाहा. हिवर, बोर, खैर, हिंगण आणि मध्ये मध्ये तरवड असेल, तर जमीन माळाची. पहिल्या चांगल्या पावसानंतर आठवड्याभरात एक चक्कर मारा आणि मुसळी, दीपकाडी, खर्पुडीसारख्या कंदवर्गी वनस्पती वर येतात का ते बघा. या वनस्पती वर्षातले आठ-नऊ महिने जमिनीखाली झोपून काढतात आणि एकदा नांगर फिरला की सहजी परत येत नाहीत. त्या दिसल्या तर तो तुकडा कधी नांगरला गेलेला नाही असं धरून चाला आणि त्याला जिवापाड जपा. तुमच्या दोनशे एकरांत असे पाच एकर जरी निघाले, तरी पुढच्या सगळ्या कामाचं बियाणं आणि नमुना तिथेच आहे.

आता ‘घनवन’वाल्यांना काय सांगायचं? त्यांच्याशी भांडू नका. त्यांना झाड हवंय कारण सावली हवी आहे आणि झाड लावलं की काहीतरी केल्यासारखं वाटतं. सरकारी पातळीवरही तेच झालं. देशाच्या ‘वेस्टलँड अ‍ॅटलस’मध्ये झुडपी रान आणि खराब झालेली कुरणं पडीक जमिनीच्या यादीत बसतात. एकदा ‘पडीक’ हा शिक्का बसला की कोणालाही तिथे काहीतरी ‘करावंसं’ वाटतं. आपल्या राज्यात २०१६ ते २०१९ या काळात २ कोटी, ४ कोटी, १३ कोटी, ३३ कोटी अशी लागवडीची उद्दिष्टं चढत गेली. एवढ्या रोपांना जागा लागते आणि सरकारी मालकीची मोकळी जागा म्हणजे माळच. मध्ये काही ठिकाणी पवनचक्क्या आल्या, हल्ली गायरानांवर सौर प्रकल्प येतात. वीज मलाही लागते. पण जमीन ‘रिकामी’ आहे असं गृहीत धरून तिचा हिशोब मांडला, की मेंढ्यांचा चारा, लांडग्याची बीळं आणि टिटवीची अंडी त्या हिशोबात येतच नाहीत.

मी ग्रामसभेत एक तोडगा सुचवतो आणि तो बहुतेक वेळा चालतो. झाडं लावायचीच असतील तर ओढ्याकाठी, देवळाजवळ, शाळेभोवती, गावठाणाच्या कडेला लावा. करंज, उंबर, जांभूळ, लिंब तिथे जगतात आणि सावलीही माणसांना मिळते. माळाच्या पाठीवर मुरुमात खड्डे घेऊन लावलेलं रोप टँकरचं पाणी थांबलं की मरतं. आणि वेडी बाभूळ, गिरिपुष्पासारखं जगलंच, तर त्याहून मोठी पंचाईत.

पुढचा मुद्दा मालकीचा. हा कंटाळवाणा आहे, पण इथे चूक झाली तर तिसऱ्या वर्षी काम बंद पडतं. तुमच्या दोन्ही तुकड्यांचे मालक वेगळे आहेत. गायरान सरकारी हक्कातलं, महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम २२ खाली चराईसाठी राखून ठेवलेलं, आणि व्यवस्था ग्रामपंचायतीकडे. कलम २२-अ नुसार गायरान दुसऱ्या कामाला वळवण्यावर बंधनं आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली जगपाल सिंग प्रकरणात गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं हटवायला सांगितलं, तो निकाल ग्रामपंचायतीत छापून ठेवा. सातबारा काढा, मोजणी करून हद्दीचे दगड बसवून घ्या. हद्द पक्की नसताना सफाई केलीत, तर साफ झालेल्या जमिनीवर पुढच्या हंगामात कोणाचं तरी ज्वारीचं शेत दिसेल. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आम्ही घाम गाळून वेडी बाभूळ काढली आणि शेजारच्या शेतकऱ्याने बांध सरकवला.

खात्याच्या तुकड्यावर तुम्ही स्वतःहून एक फांदीही तोडायची नाही. तिथे कार्य आयोजनेत, म्हणजे त्या जंगलासाठी खात्याने मंजूर केलेल्या आराखड्यात, जे लिहिलंय तेच होतं. म्हणून वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे अर्ज करण्याआधी त्या कंपार्टमेंटसाठी (वनखंडासाठी) आयोजनेत काय नमूद आहे ते विचारा. गाव आणि खातं यांची संयुक्त वन व्यवस्थापन समिती जिवंत असेल तर सूक्ष्म आराखड्यात ‘गवताळ अधिवास सुधारणा’ असे शब्द घालून घ्या. गावाचा सामूहिक वनहक्क मान्य झाला असेल तर बाजू आणखी भक्कम होते, कारण २००६ च्या वनहक्क कायद्यात राखण्याचा आणि पुनरुज्जीवनाचा हक्क ग्रामसभेला आहे. चराईचा हक्क त्यात वेगळा लिहिलेला आहे आणि तो हंगामी येणाऱ्या भटक्या पशुपालकांनाही लागू आहे. हे शेवटचं वाक्य ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवा, कारण गावाबाहेरचा धनगर लोकांना परका वाटतो.

अडचण आहे ती नोंदींची. खात्यातल्या चांगल्या माणसालाही वर कळवायचं असतं किती रोपं लावली आणि किती टक्के जगली. काढलेल्या झाडांचा रकाना बहुतेक नमुन्यांत नसतो. म्हणून मी सुरुवातीलाच त्यांच्या हातात दाखवता येईल असं काहीतरी देतो: ठरावीक जागांवरून दर सहा महिन्यांनी काढलेले फोटो, चौरस मीटरच्या चौकटीत मोजलेल्या गवताच्या जाती, चाऱ्याचं वजन. अधिकाऱ्याची बदली होते, फाइल राहते.

पहिलं वर्ष काहीच करू नका. फक्त बघा. हा सल्ला कोणालाच आवडत नाही. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये गवतं ओळखा. मारवेल, पवन्या, शेडा, डोंगरी, कुसळी ही नावं तुमच्या गावातल्या मेंढपाळाला तोंडपाठ असतील आणि त्यातलं कोणतं जनावर आधी खातं हेही. त्यालाच सोबत घ्या, रोजंदारी द्या. हिवाळ्यात संध्याकाळी जाऊन भोवत्या पक्षी उंच गवतात रात्रीच्या वस्तीला उतरतात का ते पाहा. हे पाहुणे मध्य आशियातून येतात आणि त्यांना मुक्कामाला उभं गवतच लागतं. उन्हाळ्यात माळटिटवी, चंडोल, धाविक यांची घरटी कुठे आहेत ती टिपा, कारण हे सगळे जमिनीवर अंडी घालतात. लांडग्याची, खोकडाची, तरसाची बिळं बहुतेक वेळा वेड्या बाभळीच्या जाळीखालीच सापडतात. म्हणजे ज्या जाळीला तुम्ही शत्रू समजता तिच्यात कोणाची पिल्लं असू शकतात. या नोंदी हातात आल्या की नकाशावर तीन रंग भरा. न नांगरलेला चांगला माळ, जो फक्त राखायचा. बिघडलेला पण गवत तग धरून असलेला, जिथे सफाई करायची. आणि पूर्ण गेलेला, जिथे पेरावं लागेल. काम याच क्रमाने करायचं. लोक नेमकं उलटं करतात, सगळ्यांत वाईट तुकड्यावर सगळा पैसा ओततात आणि तेवढ्यात चांगल्या तुकड्यात वेडी बाभूळ शिरते.

आता सफाई. इथे थोडा रेंगाळतो.

गिरिपुष्प मूळचं मध्य अमेरिकेतलं. लावायला सोपं, जनावर फारसं तोंड लावत नाही, म्हणून लागवडीच्या आकड्यांत ते छान दिसतं. माळावर मात्र त्याचे दोन उपद्रव आहेत. पहिला, सावली. आपली माळाची गवतं उन्हाची लेकरं आहेत, छत मिटलं की संपतात. दुसरा उपद्रव मातीत होतो आणि तो दिसत नाही. शेंगवर्गीय असल्यामुळे हे झाड जमिनीत नत्र वाढवतं. शेतात ते वरदान. माळावर मात्र झाड काढल्यावर त्या सुपीक झालेल्या मातीत पहिल्यांदा गाजरगवत आणि तरोटा उसळतो, कारण आपल्या गवतांना गरिबीत राहायची सवय आहे आणि तणांना श्रीमंतीत. म्हणून गिरिपुष्प काढल्यावर पहिल्या दोन वर्षांत तण माजलं तर घाबरू नका आणि लगेच काही लावायलाही धावू नका. गाजरगवत फुलायच्या आत उपटा. गवत कापून बाहेर नेत राहा, तसतसं नत्रही हळूहळू बाहेर जातं.

गिरिपुष्प नुसतं तोडलं तर बुंध्यातून दहा फुटवे येतात. मनगटापेक्षा बारीक रोपं जुलैमध्ये जमीन भिजल्यावर मुळासकट उपटा, दोन माणसांत सहज निघतात. मोठी झाडं पावसाच्या सुरुवातीला, नवी पालवी पूर्ण आल्यावर तोडा. मुळातला साठा त्या वेळी पालवीत खर्च झालेला असतो. मग येणारे फुटवे वर्षातून तीनदा मोडायचे. दुसऱ्या वर्षी फुटवे बारीक येतात, तिसऱ्या वर्षी बहुतेक बुंधे मरतात. हे फुटवे मोडायचं काम कोणत्याच अंदाजपत्रकात नसतं. तुमच्या अंदाजपत्रकात ते पहिल्या ओळीत असू द्या. तोडणीपेक्षा त्याच्यावर जास्त मजुरी जाणार आहे.

वेडी बाभूळ वेगळी. तिचे फुटवे फुटणारे डोळे जमिनीच्या पृष्ठभागाच्या जरा खाली असतात. म्हणून बुंध्याभोवती उकरून वीतभर खाली मूळ तोडायचं, पहार आणि कुऱ्हाडीने. जमिनीलगत तोडलीत तर पुढच्या वर्षी एका खोडाच्या जागी झुडूप उभं. शेंगा उन्हाळ्यात पिकतात, जनावरं आवडीने खातात आणि बी शेणातून अख्खं बाहेर पडतं. त्यामुळे शेंगा पिकायच्या आत तोडणी संपवा. ते जमत नसेल तर निदान शेंगांच्या दिवसांत जनावरं बाभळीच्या बाजूने साफ केलेल्या बाजूला सरळ नेऊ नका. मातीत पडलेलं बी वर्षानुवर्षं टिकतं, म्हणून पाचेक वर्षं दर पावसाळ्यानंतर एक फेरी मारून बोटभर रोपं उपटावी लागतात. शाळेच्या पोरांना हे काम जमतं, फक्त हातमोजे द्या.

एका दमात सगळं साफ करू नका. दरवर्षी पाचवा हिस्सा पुरे. गावातली चूल त्या सरपणावर चालते, कोणाची कोळशाची भट्टी आहे. एकदम तोडलं की त्यांचा विरोध आणि ससा-कोल्ह्याचा आडोसाही गेला. आणि हिवर, बोर, देशी बाभूळ, खैर यांना हात लावायचा नाही. मजुरांना वेडी बाभूळ आणि देशी बाभूळ यातला फरक पहिल्या दिवशी झाडापुढे उभं करून दाखवा. आम्ही एकदा दाखवला नाही आणि चाळीस वर्षांचा हिवर गेला. शेंड्यावर गिधाड-गरुड बसतील असा एक तरी जुना हिवर माळाला हवाच.

जेसीबीचा मोह टाळा. माझी सगळ्यांत मोठी चूक हीच. एका उन्हाळ्यात जेसीबीने पंधरा एकर बाभूळ मुळासकट काढली, फोटो सुंदर आले. पण यंत्राने वरची वीतभर माती उलटीपालटी केली, मुरूम वर आला, कंद गेले, गवताचे ठोंब गेले. त्या पंधरा एकरांत आजही शेजारच्या, हातांनी साफ केलेल्या तुकड्यातल्या निम्म्याही जाती सापडत नाहीत. माळाची ताकद वर दिसत नाही, ती मुळांच्या जाळ्यात असते. कार्बनही तिथेच साठतो, जमिनीखाली, जिथे वणवा पोचत नाही.

याच कारणासाठी सलग समतल चरांबद्दल, म्हणजे पाणी अडवायला उतारावर आडव्या खणलेल्या लांब चरांबद्दल, बोलायला हवं, आणि माझं मत लोकप्रिय नाही याची मला कल्पना आहे. शेताच्या वर, उघड्या झालेल्या उतारावर चर ठीक. पण गवताने बांधलेल्या माळावर चर खणणं म्हणजे धडधाकट माणसाला टाके घालणं. मारवेल-पवन्याचा ठोंब पाणी अडवतोही आणि जिरवतोही. चर खणला की मुरुमाचा भराव वर येतो, त्यावर आधी रानतुळस आणि गाजरगवत उगवतं, आणि भरावावर कोणीतरी रोपं लावतोच. तुमच्याकडे जुने चर असतील तर बुजवायच्या फंदात पडू नका, दुसरी खणाखणी होईल. हळूहळू भरतात. नवे मात्र घेऊ देऊ नका. घळीत माती वाहत असेल तर दगडांचे छोटे बांध पुरतात.

सफाईनंतर लगेच बी पेरायचं का? बहुतेक तुकड्यांवर नाही. दोन पावसाळे वाट बघा. ठोंब जिवंत असतील तर ऊन मिळाल्याबरोबर फुटतात, आणि फुकट मिळणाऱ्या गोष्टीसाठी पैसे का घालवायचे? जिथे दोन वर्षांनीही काही आलं नाही तिथेच पेरा, आणि पेरायचं ते स्वतःच्या माळावरचं बी. बाजारात, कृषी विद्यापीठात मारवेलचे सुधारित वाण मिळतात. राहुरीचे ‘फुले’ वाण चाऱ्यासाठी उत्तम आहेत, शेताच्या बांधावर जरूर लावा. माळावर आणू नका, एकच जात सगळा तुकडा व्यापते आणि आपण गवताचं शेत तयार करून बसतो.

नकाशावरचा पूर्ण गेलेला तुकडा मात्र बियांच्या मिश्रणाने पेरावाच लागेल. गवताचं बी कुसळं-लव असलेलं, हलकं, वाऱ्याने उडतं आणि मुंग्या नेतात. म्हणून चाळलेली माती, शेण आणि थोडी वाळू यांत मिसळून हरभऱ्याएवढ्या गोळ्या करायच्या, सावलीत वाळवायच्या आणि मृगाच्या आधी विखरायच्या. ताजं बी लगेच उगवत नाही, काही महिने झोपेत असतं. म्हणून दिवाळीच्या सुमारास गोळा केलेलं बी पुढच्या जूनमध्ये पेरायचं. दोन-तीन वर्षं जुनं बी मात्र बहुतेक मेलेलं असतं. मुरमाड जागी बियाण्यापेक्षा ठोंब लावणं खात्रीचं: पाऊस स्थिरावला की चांगल्या तुकड्याच्या कडेवरून ठोंब काढायचे, दोन-तीन फुटवे ठेवून तोडायचे, पायाने दाबून लावायचे.

आता चराई, म्हणजे खरा प्रश्न. पुष्कळ संस्था काय करतात, तारेचं कुंपण घालतात आणि जनावर बंद. पहिली दोन वर्षं गवत डोक्याएवढं होतं, पाहुणे येतात, टाळ्या वाजतात. चौथ्या वर्षी वाळलेल्या गवताचा थर जमिनीवर गादीसारखा साचतो, खालून नवा फुटवा येत नाही, छोट्या फुलझाडांना ऊन मिळत नाही, झुडपं शिरतात. आणि एक ठिणगी पडली की सगळं एका दुपारी जातं. साताऱ्याजवळच्या कासच्या पठारावर जाळी घातली, चराई थांबली, पुढे फुलं कमी झाल्याच्या तक्रारी आल्या आणि जाळी काढावी लागली. ते सड्यावरचं, म्हणजे उघड्या कातळावरचं पठार, तिथला पाऊस आणि माती वेगळी. तरी खूर आणि फूल यांचा संबंध तिथेही लागला. आपल्याकडे तर काळवीट, चिंकारा आणि माणसाबरोबर आलेली मेंढरं या सगळ्यांच्या दाताखाली हे गवत घडलंय.

त्यामुळे बंदी घाला, पण हंगामी. पाऊस सुरू झाल्यापासून गवताचं बी पडेपर्यंत, म्हणजे जूनपासून साधारण ऑक्टोबर अखेरपर्यंत, निम्मा माळ बंद. दिवाळीनंतर आधी कापणी, मग चराई. पुढच्या वर्षी दुसरा निम्मा. पावसाळ्यात जनावरांना जायला दुसरी जागा आहे का हे ठरवताना आधी विचारा. नसेल तर निम्म्याऐवजी तिसरा हिस्साच बंद करा. जो बंद पाळला जात नाही तो कागदावर कितीही मोठा असला तरी शून्य. कापणीचा लिलाव करायचा, की घरटी एक विळा अशी पाळी ठेवायची, हे गावाने ठरवावं. माझा अनुभव विळ्याच्या बाजूने आहे. लिलावात एकच माणूस सगळं कापून नेतो आणि बाकीच्यांना कुरण आपलं वाटत नाही.

धनगरांचे कळप दसरा-दिवाळीनंतर खाली उतरतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. त्यांची वाट तुमच्या गायरानातून जात असेल तर त्यांच्याशी वेगळी बैठक घ्या, ग्रामसभेच्या गर्दीत नको. कधी येणार, किती मेंढरं, किती मुक्काम, एवढं ठरलं की ते पाळतात. मेंढपाळ रात्री माळावर राहतो, त्यामुळे शिकारी आणि वाळूचोर यांची खबर सगळ्यांत आधी त्याला असते. एखादं मेंढरू लांडग्याने नेलं तर भरपाईचा पंचनामा त्याच दिवशी होईल अशी सोय करून द्या. भटक्याला हद्दीबाहेरचा म्हणून परत पाठवलं की पुढचा लांडगा विषाने मरतो. शेजारच्या कुक्कुटपालनाची मेलेली कोंबडी माळावर फेकणंही बंद करा. त्याने मोकाट कुत्री वाढतात, ती काळविटाची पाडसं मारतात आणि लांडग्याशी त्यांचा संकर होतो.

आगीबद्दल थोडक्यात. वनक्षेत्रात आग लावणं गुन्हा आहे, १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम धरला जातो. तुम्ही स्वतः काहीही जाळू नका. खात्याकडून जानेवारीच्या आत जाळरेषा (आग पसरू नये म्हणून मोकळे केलेले पट्टे) काढून घ्या आणि कापणी वेळेवर करा, म्हणजे जळायला फार काही उरत नाही. आगीची माळाला कधीच गरज नसते असं मी म्हणणार नाही, पण ती चर्चा संशोधकांनी आणि खात्याने करायची, ग्रामपंचायतीने नाही.

पैसा. वेड्या बाभळीच्या सरपणातून तोडणीचा बराचसा खर्च निघतो, त्याचा लिलाव ग्रामपंचायतीच्या खात्यात दिसला पाहिजे. सामाईक जमिनीवर कुरण विकासाचं काम रोजगार हमीत बसतं, फुटवे मोडण्याची मजुरी तिथे मागा. खात्याच्या तुकड्यासाठी कॅम्पाच्या (वनजमीन दुसऱ्या कामाला दिल्याच्या भरपाईतून जमणाऱ्या) निधीतून अधिवास सुधारणा करता येते. कंपन्यांचा सामाजिक निधी घेताना मात्र जपून. त्यांना रोपं मोजायची असतात आणि फलक लावायचा असतो. एका देणगीदाराने मला विचारलं होतं, “इतक्या पैशांत किती झाडं?” मी म्हटलं, “उणे चार हजार.” तो प्रस्ताव तिथेच संपला.

किती वर्षं? चारा तिसऱ्या वर्षी वाढलेला दिसेल आणि गावाला पटवायला तोच उपयोगी. चंडोल आणि टिटवी मोकळी जागा झाली की त्याच उन्हाळ्यात येतात. जातींची विविधता दहा-पंधरा वर्षांत थोडी परतते. एकदा नांगरलेल्या जमिनीत कंदवर्गीय वनस्पती तुमच्या हयातीत परत येतील असं वचन मी देत नाही. हुरूप हवा असेल तर मध्य प्रदेशातलं कान्हा बघून या. तिथली प्रसिद्ध कुरणं म्हणजे हलवलेल्या गावांची जुनी शेतं आहेत. कडक जमिनीवरचा बारशिंगा १९७० साली फक्त ६६ उरला होता, गवत सांभाळलं म्हणून तो वाचला. आपल्याकडे सोलापूरजवळ नान्नजला १९७९ साली माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य झालं. तिथे अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमात राखलेल्या गवताच्या तुकड्यांवर माळढोक वाढला, आणि त्याच मुलखात गिरिपुष्पही लागलं. माळढोक आता जवळपास गेल्यासारखा आहे. तुमच्या शंभर एकरांत तो येणार नाही, हे गावाला आधीच सांगून ठेवा. लांडगा, खोकड, काळवीट येतील. आणि तो रंगीत गळा फुगवणारा सरडा येईल, ज्याच्या प्रजातीला २०१६ साली शास्त्रज्ञांनी आपल्याच मराठी शब्दावरून ‘सरडा’ असं नाव दिलंय. पोरांना तो दाखवा, मे महिन्यात दगडावर बसून गळा उघडमीट करत असतो.

या वर्षी करायचं एवढंच: मोजणीचा अर्ज, ग्रामसभेचा ठराव, मेंढपाळाबरोबर सप्टेंबरची फेरी. आणि दिवाळीच्या आगेमागे, गवत पिवळं पडून बोटांत चोळल्यावर बी सुटायला लागलं की चांगल्या तुकड्यावरून गोणपाटभर बी काढून ठेवा. प्लास्टिकच्या पोत्यात नको, बुरशी लागते. पोत्यावर गवताचं नाव, गट नंबर आणि तारीख लिहून कोरड्या खोलीत, उंदरांपासून लांब टांगा.